ती 14 क्रेडिट गावात खर्ची पडू द्या

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
पर्यटन विषयाची अभ्यासमंडळे,
महाराष्ट्रातील विद्यापीठे

विषय: पदव्युत्तर पदवीतील क्षेत्रप्रकल्प व संशोधन प्रकल्पाबाबत

महोदय, महोदया,

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे तुम्ही पदव्युत्तर अभ्यासक्रमांची फेरमांडणी केलीत. चार सत्रं, दर सत्राला 22, म्हणजे एकूण 88 क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजायचं एकक). त्यात दुसऱ्या सत्रात ऑन जॉब ट्रेनिंग किंवा क्षेत्रप्रकल्पाला 4, तिसऱ्या सत्रात संशोधन प्रकल्पाला 4 आणि चौथ्यात 6. बेरीज 14. हे पत्र त्या 14 क्रेडिटपुरतंच आहे. उरलेल्या 74 बद्दलही बोलण्यासारखं बरंच आहे, पण एका पत्रात एकच भांडण बरं.

ही 14 क्रेडिट सध्या कुठे जातात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. ट्रेनिंगला मुलं शहरातल्या ट्रॅव्हल एजन्सीत बसतात, तिकिटं काढायला शिकतात, थायलंडच्या पॅकेजचे पीडीएफ सजवतात, नाहीतर हॉटेलच्या रिसेप्शनला उभी राहतात. प्रकल्पाचं नाव बहुतेक वेळा ‘अमुक जिल्ह्यातील पर्यटन: समस्या व संधी’. गुगल फॉर्मवर प्रश्नावली, ती भरणारे निम्मे वर्गमित्र, दोन-तीन गोल आलेख आणि शेवटी ‘शासनाने या स्थळाकडे लक्ष द्यावे’. काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, दहा मिनिटांची तोंडी परीक्षा. पुढे ते विभागातल्या कपाटात जातं आणि कपाट भरलं की रद्दीत.

माझं मागणं असं आहे. प्रत्येक विभागाने आपल्या जिल्ह्यातलं एखादं ठिकाण धरावं, तिथल्या लोकांनी विचारलेला प्रश्न घ्यावा आणि पुढची निदान दहा वर्षं प्रत्येक तुकडीने त्याच ठिकाणी, त्याच प्रश्नावर काम करावं. जे हाती येईल ते मराठीत ग्रामसभेपुढे मांडावं. ते मांडल्याशिवाय गुण देऊ नयेत.

हे मी कुठून बोलते ते सांगते. माझी पर्यटनातली पदव्युत्तर पदवी नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन विद्यापीठाची. मी शिकले तेव्हा अभ्यासक्रमाचं नाव ‘लेझर, टुरिझम अँड एन्व्हायर्नमेंट’ होतं. नंतर ते ‘टुरिझम, सोसायटी अँड एन्व्हायर्नमेंट’ झालं. फुरसत गेली, समाज आला. वाखेनिंगन मुळात शेतकी शिक्षणाचं गाव. 1918 साली तिथल्या संस्थेला उच्च शिक्षणाचा दर्जा मिळाला आणि आजही जग तिला ओळखतं ते शेती, अन्न, माती आणि पाण्यासाठी. माझ्या वडिलांनी तेव्हाच विचारलं होतं, “पर्यटन शिकायला शेतकी कॉलेजात कशाला?”

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मला तिथे गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात कळलं. त्या देशात जमीन थोडी आणि माणसं दाट. शनिवारी सायकली घेऊन शहर बाहेर पडलं की ते कुणाच्या तरी कुरणाच्या कडेने, कुणाच्या तरी कालव्याच्या बांधावरून जातं. म्हणून फिरायला येणाऱ्याचा विचार तिथे जमिनीच्या वापराचा प्रश्न म्हणून झाला: शेती, जंगल, पाणी, वस्ती आणि त्यांच्या जोडीला सहलीला आलेला माणूस. आपल्याकडे पर्यटनाचा विभाग वाणिज्याच्या नाहीतर व्यवस्थापनाच्या इमारतीत असतो. साहजिकच तिथे पर्यटक हा ग्राहक असतो आणि गाव हे ‘उत्पादन’. राहुरीचं कृषी विद्यापीठ आणि भंडारदरा एकाच जिल्ह्यात आहेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठापासून मुरूड-कर्द्याचा किनारा हाकेच्या अंतरावर आहे. पर्यटनाची पदवी या दोन ठिकाणी निघावी, असं आपल्याला कधी सुचलंच नाही.

वाखेनिंगनचा हिशेब मात्र लक्षात घेण्यासारखा आहे. दोन वर्षांची 120 युरोपीय क्रेडिट. त्यातली 36 प्रबंधाला, 24 इंटर्नशिपला, म्हणजे निम्मी पदवी वर्गाबाहेर. शिवाय तिथे एक प्रकार आहे: वेगवेगळ्या शाखांच्या पाच-सहा विद्यार्थ्यांचा गट करतात आणि बाहेरची एखादी नगरपालिका, संस्था किंवा शेतकरी संघटना आपला खराखुरा प्रश्न घेऊन येते. गटात एक मातीचा, एक पाण्याचा, एक अर्थशास्त्राचा आणि एक माझ्यासारखी पर्यटनवाली. पहिला आठवडा भांडणात जातो, कारण माती शिकलेल्याला ‘पर्यटकाचा अनुभव’ ही भानगड कळत नाही आणि आपल्याला त्याची माती कळत नाही. शिकणं होतं ते त्याच आठवड्यात. शेवटी अहवाल त्या प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात द्यावा लागतो, आणि तो तोंडावर विचारतो की याचं आता मी काय करू.

जवळच होगे फेलुवे नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारे 5,400 हेक्टरचं. आमचे अर्धेअधिक क्षेत्रकार्याचे तास तिथे गेले. आत शिरायला तिकीट आहे, पण प्रवेशद्वारापाशी पांढऱ्या सायकली फुकट मिळतात, साधारण 1,800. गाडी आत न्यायची तर जादा पैसे. बहुतेक लोक गाडी बाहेर ठेवून सायकल घेतात. एवढ्या एका सोयीने माणूस कुठून जाईल, किती लांब जाईल, किती आवाज करील हे बरंचसं ठरून जातं. पाटी नाही, शिट्टी वाजवणारा रक्षक नाही. दाराशी कुठलं वाहन हाताला लागेल याचा आधी कुणीतरी विचार केलेला, बस.

तिथे सगळं आलबेल आहे असं समजू नका. अ‍ॅमस्टरडॅमने वर्षानुवर्षं स्वतःची जाहिरात केली आणि मग गर्दी डोक्यावर बसल्यावर 2018 च्या डिसेंबरात संग्रहालयांपुढची ‘आय अ‍ॅमस्टरडॅम’ ही फोटोसाठीची मोठाली अक्षरं उचलून नेली. 2021 मध्ये वर्षाला 2 कोटी मुक्कामांची मर्यादा घालून घेतली, 2024 पासून पर्यटक कर 12.5 टक्के केला, तरी मर्यादा ओलांडली जातेच. जगभरचा अभ्यास दाराशी असून त्या शहराला जाग उशिरा आली. शिवाय युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला वाखेनिंगनची वर्षाची फी 20 हजार युरोंच्या घरात पडते आणि वर्गात दाखले यायचे ते बाली, केनिया, कोस्टा रिकाचे. सह्याद्रीचं नाव मी घेतलं तर घेतलं. तेव्हा परदेशी जाऊन या, असं मी कुणालाही सांगत नाही. ते इथे होऊ शकतं म्हणून लिहिते आहे.

आता भंडारदऱ्याकडे या.

मेच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत, पाऊस लागायच्या आधी, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात काजवे येतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडं एकाच लयीत लुकलुकतात. लुकलुकणारे बहुतेक नर. मादी खाली गवतात किंवा झुडपात बसलेली असते आणि त्यांना उजेडानेच उत्तर देते. अळीचं सगळं आयुष्य ओल्या मातीत, पालापाचोळ्यात, गोगलगायी खाण्यात जातं. म्हणजे झाडाखाली जिथे उभं राहून आपण मान वर करून बघतो, तिथेच पायाखाली पुढच्या वर्षीचे काजवे असतात.

शनिवारी रात्री शेंडी गावाच्या पुढे गेलात तर काय दिसतं? धरणाच्या पाण्याभोवतीचा अरुंद रस्ता, त्यावर मुंबई-पुणे-नाशिकच्या गाड्यांची रांग, आणि प्रत्येक गाडीचे हेडलाइट समोरच्या झाडीवर. वनविभाग दरवर्षी सूचना काढतो: दिवे बंद ठेवा, आवाज करू नका, झाडाजवळ जाऊ नका. रांगेत अडकलेला माणूस दिवे बंद कसे करणार? झाड दिसलं की गाडीचं दार उघडतं, मोबाइलचे टॉर्च लागतात, कुणीतरी हौशी फांदी हलवून बघतो. बाजूच्या वावरात नुकताच भाताचा राब, म्हणजे रोपांचा वाफा, तयार केलेला असतो. त्यातून पायवाट पडते.

त्या पट्ट्यातल्या एका गावात मी गेली काही वर्षं घरगुती मुक्काम चालवणाऱ्या बायकांबरोबर काम करते. त्यातल्या एका मावशींनी चुलीपुढे बसल्या-बसल्या मला विचारलं, “ताई, गाड्या वाढल्या म्हणून काजवा कमी झालाय, का वळीव लांबला म्हणून? का आम्हालाच तसं वाटतंय?”

एका वाक्यात तीन प्रश्न आणि तिन्ही प्रबंधाच्या तोडीचे. मला उत्तर देता आलं नाही आणि कुणालाच देता येणार नाही, कारण त्या झाडांखाली सलग दहा वर्षं कुणी मोजमाप करत उभंच राहिलेलं नाही. कुठल्या झाडावर कितपत चमक, त्या रात्री किती गाड्या, चंद्र होता का, वळीव कधी झाला, हवेत दमटपणा किती. एका वर्षाच्या आकड्याला इथे काडीची किंमत नाही. दहा वर्षांच्या वहीला आहे.

आणि ती वही ठेवणं विद्यापीठाशिवाय दुसऱ्या कुणाला जमणार नाही. सल्लागार कंपनी अहवाल देऊन निघून जाते. संस्थेचा निधी तीन वर्षांत आटतो. वनाधिकाऱ्याची बदली होते. तुमच्याकडे मात्र दर जूनला नवी तुकडी येते, न चुकता. आपण ही गोष्ट ओझं समजत आलो: दरवर्षी नवे विषय शोधा, नवे मार्गदर्शक वाटा. विषय तोच ठेवा आणि तुकडी बदलू द्या. मागच्या तुकडीने जिथे खूण केली तिथूनच पुढची सुरू करील, आणि मागच्यांनी चुकीचं मोजलं असेल तर तेही उघडं पडेल. त्याने विद्यार्थ्याला संशोधन म्हणजे काय हे जितकं कळेल तितकं संशोधन पद्धतीच्या पेपरातून कळत नाही.

पद्धत नव्याने शोधायची गरजही नाही. एखादं ठिकाण किती माणसं पेलू शकेल, या एका आकड्याच्या मागे जगभरचे लोक पुष्कळ वर्षं धावले. 1985 मध्ये अमेरिकेच्या वनसेवेतल्या संशोधकांनी तो प्रश्नच फिरवला. किती माणसं चालतील हे विचारण्याआधी, इथे किती बदल झालेला आपल्याला चालेल ते ठरवा, म्हणाले. मग तो बदल ओळखायची दोन-चार मापं ठरवा, मोजत राहा आणि रेघ ओलांडली की काय करायचं हेही आधीच लिहून ठेवा. ही गोष्ट तुमच्या अभ्यासक्रमात दोन ओळींची टीप म्हणून असेलही. भंडारदऱ्याला ती लावायची तर ग्रामसभेत विचारावं लागेल: रात्री आठ ते दहा झाडांवर हेडलाइट पडलेले चालतील का? राबातून पायवाट पडलेली चालेल का? मुक्कामाच्या पैशातला किती गावात राहिला पाहिजे? बाहेरच्या तंबूवाल्याने शेत भाड्याने घेऊन गाणी लावलेली चालतील का? यावर गावात एकमत होणार नाही. ज्याचं शेत रस्त्याला लागून आहे तो पार्किंगचे पैसे घेतो, तो का म्हणून नको म्हणेल? असं भांडण विद्यार्थ्याने बसून ऐकलं पाहिजे, लिहून घेतलं पाहिजे. अकोले तालुक्याचा हा आदिवासी पट्टा अनुसूचित क्षेत्रात येतो. अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा आणि 2014 चे राज्याचे नियम यांमुळे इथल्या ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. पर्यटनात एमए झालेल्या मुलाला पेसा माहीत नसावा, हे मला पटत नाही.

फुरसतीबद्दलही बोलायला हवं, कारण आपल्या अभ्यासक्रमात ती जवळपास नाहीच. पर्यटक कुठून येतो हे आपण शिकवतो. तो नेमका शनिवारीच का येतो हे शिकवत नाही. सगळ्या शहराला एकाच वेळी सुट्टी मिळते, पहिला पाऊस एकाच आठवड्यात पडतो आणि एकच रील सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतं, म्हणून सगळे एकाच धबधब्यावर पोचतात. 2023 च्या जुलैत लोहगडाच्या दरवाजात माणसं तासन्तास अडकून पडली, तो रविवार होता. 15 जून 2025 ला कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने इंद्रायणीत कोसळला, चार जणांचा जीव गेला, तोही रविवार. मग मनाई आदेश निघतो, धबधब्यांवर पोलीस उभे राहतात आणि गर्दी पुढच्या डोंगरावर सरकते. ही फुरसत आठवड्यात पसरवता येईल का, शाळांच्या सहली मंगळवार-बुधवारी काढता येतील का, कंपन्यांशी यावर बोलता येईल का, हे पर्यटनशास्त्राचे अगदी गाभ्यातले प्रश्न आहेत. आणि ज्या दिवसांत शहराला काजव्यांची फुरसत असते त्याच दिवसांत गावाला मान वर करायला वेळ नसतो, पेरणी तोंडावर असते, ही दुसरी बाजू.

भंडारदरा मी जवळून बघते म्हणून त्यावर इतकं लिहिलं. प्रश्नांना तोटा कुठेच नाही. सातारच्या मंडळींना फुलांचं कास पठार आहे. 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या 39 जागांबरोबर ते जागतिक वारसा यादीत गेलं. गर्दी आवरायला पठाराला कुंपण घातलं, गुरं चरायची थांबली, गवत माजलं आणि फुलं घटली अशी ओरड झाली. शेवटी कुंपण काढावं लागलं. पर्यटकाला अडवायला घातलेली जाळी गाईला आणि फुलाला काय करते, हे वनस्पतिशास्त्र, पशुपालन आणि पर्यटन तिघांनी मिळून बघायचं काम होतं. विदर्भात व्याघ्र प्रकल्प आहेत. 2012 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी पर्यटन गाभा क्षेत्राच्या 20 टक्क्यांपुरतं मर्यादित केलं आणि वाहनं किती सोडायची याचा हिशेबही मांडून दिला. तो हिशेब स्वतः करून बघितलेले पर्यटनाचे किती विद्यार्थी तुम्हाला भेटले? रायगड जिल्ह्यातल्यांना माथेरान आहे, जिथे मोटार नाही आणि घोडा, हातरिक्षा, ई-रिक्षा यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आणि 2025 च्या जुलैत मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले 11 आपल्या राज्यात. या 11 गडांवर माणूस कुठून चढेल, कुठे थांबेल, पाणी कुठे पिईल, कचरा कुठे टाकेल याचा आराखडा कुणीतरी लिहिणारच आहे. आपल्या विद्यार्थ्यांकडे गडाच्या पायथ्याशी बसून केलेली नोंद नसेल तर तो बाहेरून येईल, इंग्रजीत येईल आणि पायथ्याच्या वाडीला तो वाचताही येणार नाही.

तुमच्यातले काही म्हणतील की मुलांना नोकरी हवी असते, काजवे मोजून पोट भरत नाही. हा आक्षेप मी हलका मानत नाही. तिकिटिंग शिकून लागलीच पगार सुरू झालेली मुलं माझ्याही ओळखीत आहेत, आणि घरी हप्ते चालू असतील तर तेच योग्य. पण तिकिटाचं काम आता माणूस घरबसल्या मोबाइलवर स्वतः करतो. उलट वनविभाग, व्याघ्र प्रकल्प, जिल्हा परिषद, शेतावर पर्यटन सुरू केलेले शेतकरी या सगळ्यांना एक माणूस हवा असतो, जो गर्दी मोजू शकतो, बैठक घेऊ शकतो आणि दोन पानांत धड मराठीत लिहू शकतो. तो मिळत नाही. ज्याला ट्रॅव्हल एजन्सीतच जायचंय त्याला जाऊ द्या, ऑन जॉब ट्रेनिंगची 4 क्रेडिट त्याची त्याला ठेवा. संशोधनाची 10 तरी गावाकडे वळवा.

खर्चाचंही बोलायला हवं, नाहीतर हे सगळं वाऱ्यावर जाईल. हॉटेलात ट्रेनिंग केलं तर जेवण आणि थोडंफार मानधन मिळतं. गावात राहायचं तर मुलालाच खिशातून घालावे लागतात, आणि मुलीला घरून परवानगी मिळवावी लागते. तेव्हा एसटीचा पास, मुक्कामाचे पैसे आणि सोबत एक शिक्षक किंवा शिक्षिका एवढी जबाबदारी विभागाने घेतली पाहिजे. भूगोल आणि वनस्पतिशास्त्राच्या मुलांना त्याच प्रकल्पावर त्यांच्या विभागाचे क्रेडिट मिळायला हवेत. आज दोन विभागांच्या मार्गदर्शकांच्या सह्या एका अहवालावर घेताना घाम फुटतो. मूल्यमापनात काही गुण गावाच्या हाती असावेत. सरपंच सगळ्यांना पैकीच्या पैकी देतील अशी भीती असेल तर एकदा मावशींना विचारून बघा, त्या देणार नाहीत.

आणि शेवटची अडचण वेळापत्रकाची, जी फक्त तुम्हीच सोडवू शकता. काजवे मेच्या शेवटच्या आठवड्यात येतात, आणि दुसऱ्या सत्राच्या परीक्षा लांबल्या की त्याच दिवसांत येऊन पडतात. परीक्षा मेच्या मध्यापर्यंत आटोपून पुढचे तीन आठवडे क्षेत्रकार्याला मोकळे ठेवलेत तर पहिली तुकडी येत्या मोसमातच उभी राहू शकते. बारा-पंधरा मुलांच्या राहण्या-जेवणाचं मी गावात बोलून ठेवलंय. नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, रात्रीच्या मोजणीनंतर काळा चहा. पैसे मात्र रीतसर घेणार आहेत, विद्यार्थी म्हणून सूट नाही. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घेतलात तर मांडणी करायला मी स्वखर्चाने येईन.

आपली,
पर्यटनाची एक माजी विद्यार्थिनी
मुक्काम अकोले तालुका, जिल्हा अहिल्यानगर

प्रत: भंडारदरा परिसरातील ग्रामपंचायती, माहितीसाठी आणि आपापले प्रश्न लिहून ठेवण्यासाठी